पाणथळीवर पहिला व्हिडिओ करतोयस? आधी एवढंच बघ

विषय छोटा घे. ‘पाणथळी वाचवा’ दोन मिनिटांत मावत नाही; ‘सोलापूरच्या कंबर तलावातली जलपर्णी’ मावते. जलपर्णीची गादी पाणी झाकते, ऊन आत जात नाही, विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे तडफडतात. ही साखळी दाखवलीस की निम्मं काम झालं. फुगीर देठाचा एक जवळून शॉट घेच, ती तरंगते कशी ते त्यात दिसतं.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- फोन उभा-आडवा मिसळणं. आडवाच धर, प्रत्येक शॉट 10 सेकंद न हलवता.
- दुपारी शूटिंग. सोलापूरचं ऊन सगळं पांढरं करतं. सकाळी साडेआठच्या आत उरक, सूर्य पाठीशी ठेव.
- काठावरच बोलणं. वारा आवाज खातो. निवेदन घरी, पंखा बंद करून रेकॉर्ड कर. 200 शब्द पुष्कळ झाले.
- पक्ष्यांमागे धावणं. उजनी धरणावर रोहित (फ्लेमिंगो) दिसले तरी लांबूनच टिप. थवा उडाला तर शॉट छान येईल, पण त्यांचं चरणं मोडतं.

माइक, ड्रोन, कलर करेक्शन सध्या राहू दे. 2 फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी दाखवायचा असेल तर जानेवारीतच शूटिंग संपव. एडिटिंगला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ जातो.