फ्रेंचमध्ये रिफ्लेक्सिव्ह क्रियापदाची (ज्यात क्रिया स्वतःवरच होते, त्याची) आज्ञा नकारार्थी झाली की 'त्वा'चा 'त' का होतो? हे लक्षात कसं ठेवायचं?

'त्वा'चा 'त' होत नाही, 'त'चा 'त्वा' होतो. दोन्ही एकाच सर्वनामाची रूपं, अर्थ '(तू) स्वतःला'. हा प्रश्न उलट्या बाजूनं विचारायची सवय आपल्याला क्लासमध्येच लावली जाते, म्हणून लिहायला बसले.

पुण्यात फ्रेंच शिकत होते तेव्हा सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे 'लेव्ह-त्वा', 'लव्हे-व्हू', म्हणजे ऊठ, उठा. उजवीकडे 'न त लेव्ह पा', 'न व्हू लव्हे पा', म्हणजे उठू नकोस, उठू नका; 'न' आणि 'पा' मिळून नकार. उजव्या रकान्याच्या डोक्यावर लाल खडूनं 'अपवाद' लिहिलं. मी म्हटलं, सर, अपवाद डावीकडे आहे. 'त्यु न त लेव्ह पा', तू उठत नाहीस, हे साधं वाक्य. त्यातला 'त्यु' काढा, झाली नकारार्थी आज्ञा. एकही शब्द जागचा हलत नाही. हलतो तो होकारात. तिथे सर्वनाम क्रियापदानंतर जातं, शेवटी आल्यामुळे त्यावर आघात येतो, आणि 'त'ला आघात पेलत नाही म्हणून तिथे 'त्वा' लागतो. 'व्हू' (तुम्ही) आणि 'नू' (आपण) यांना तो पेलतो, म्हणून ते बदलत नाहीत.

सर म्हणाले, "व्याकरण तुम्ही लिहिणार आहात का? तक्ता पाठ करा." वर्ग हसला. मी तक्ता पाठ केला नाही.

पुढे लग्नानंतर लियाँला आले आणि एका बालशाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. तीन ते सहा वर्षांची मुलं. (फ्रान्समध्ये 2019पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे.) तो सगळा वेळ आज्ञांचाच. 'लाव्ह-त्वा ले मँ', हात धू. 'मूश-त्वा', नाक शिंकर. 'आस्ये-त्वा', बस. एखादा खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलायला लागला की 'न त बालाँस पा!' पोर पडायच्या आत तोंडातून वाक्य निघावं लागतं. तिथे तक्ता आठवायला कोणाला सवड आहे? मला कधी अडखळावं लागलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, दोन रकाने नव्हते.

बोलताना सगळेच 'न' गाळतात, 'त बालाँस पा' एवढंच म्हणतात. पण मला माझा पुरावा सापडला तो सहकारी बायकांच्या बोलण्यात. काळजी करू नकोस याला नीट फ्रेंच 'न तँक्येत पा'. बोलताना 'तँक्येत पा'. आणि घाईत नुसतं 'तँक्येत!' त्यात 'न' नाही, 'पा'ही नाही, तरी ऐकणाऱ्याला नकारच कळतो. कारण 'काळजी कर' म्हणायचं असतं तर 'अँक्येत-त्वा' झालं असतं. सर्वनाम क्रियापदाच्या आधी आहे, एवढ्यावरच नकार उभा राहतो. सर, याला अपवाद म्हणत नाहीत.

आपण मराठी माणसं इथे का फसतो, तेही सांगते. आपल्याकडे नकारार्थी आज्ञेला 'नको' हे वेगळं क्रियापद लागतं, मूळ क्रियापदाचंही रूप बदलतं: ऊठ, पण उठू नकोस. त्यामुळे फ्रेंचमध्येही नकाराची काहीतरी खास व्यवस्था असणार, असं आपण धरून चालतो. शिक्षकानं ही समजूत मोडायची असते, तिला लाल खडू लावायचा नसतो. नकार आधी शिकवावा, होकार नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता राहिलेलं. परीक्षेला बसणार असाल तर लिहिताना 'न' गाळू नका, गुण जातात. 'त्यु'सोबत 'लेव्ह'ला शेवटी लिहायचा 'एस' आज्ञेत पडतो, होकारात आणि नकारातही. उच्चारात फरक नाही. 'आस्ये'चा मात्र राहतो. भूतकाळात 'न' आणि 'पा' सहायक क्रियापदाला कवटाळतात: 'झ न म स्वी पा लव्हे', मी उठले नाही. बाईनं लिहिताना 'लव्हे'ला आणखी एक 'ई' लावायचा. पाटीवरची सूचना असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं आणि 'न पा' दोन्ही आधी येतात. जुन्या रेल्वेडब्यांच्या खिडक्यांखाली 'न पा स पाँशे ओ दओर', बाहेर वाकू नये, असं लिहिलेलं असायचं. आणि 'चालता हो'साठी 'व्हा-ताँ', कारण 'आँ' (इथून, तिथून अशा अर्थाचा छोटा शब्द) पाठीशी आला की 'त्वा'चा स्वर गळतो. नकारात तेच पुन्हा आधी: 'न ताँ व्हा पा', जाऊ नकोस.