कुठे थांबलीस ते लिही

पोरी,

तुझं पत्र पोचलं. सहा पानांत वारा आहे, बधिर झालेली बोटं आहेत, लीडरवरचा राग आहे. खरा प्रश्न मात्र शेवटच्या चार ओळींत कोंबलायस. माथा शंभरेक फूट वर राहिला, तुम्ही मागे फिरलात आणि आता प्रमाणपत्रावर ‘शिखर सर’ असं छापून आलंय. बाकीचे म्हणतात, एवढ्याशाने काय होतं, गप्प बस. तू विचारतेस, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?

हो. पुढचं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाच आणि कुठे थांबलीस ते लिही.

मागे फिरलात ते बरोबर केलंत, यावर मी शाई घालवणार नाही. ते तुला कळतं, म्हणून तर धड परत येऊन मला छळते आहेस.

आपल्या खेळात पंच नसतो. वर काय घडलं ते दोराला बांधलेल्या माणसांनाच ठाऊक, आणि खाली येऊन ती सांगतील तोच इतिहास. फ्रेडरिक कुक या अमेरिकन माणसाने 1906 मध्ये अलास्कातलं डेनाली शिखर सर केल्याचं जाहीर केलं, माथ्यावरचा म्हणून फोटोही छापला. 1910 मध्ये हर्शेल पार्कर आणि बेलमोर ब्राउन या गिर्यारोहकांनी तो फोटो काढल्याची जागा शोधून काढली. खऱ्या शिखरापासून कित्येक मैल लांबचं एक ठेंगणं टेकाड होतं ते. त्या टेकाडाला आजही ‘फेक पीक’ म्हणतात. डेनालीच्या माथ्यावर माणूस पोचला तो 1913 मध्ये.

आता कांचनगंगा बघ. 1955 साली ब्रिटिश मोहिमेतले जॉर्ज बँड आणि जो ब्राउन माथ्यापासून काही फुटांवर थांबले. सिक्कीममध्ये ते शिखर पवित्र मानतात, म्हणून माथ्यावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच मोहिमेतले हार्डी आणि स्ट्रीदर गेले, तेही तिथेच थांबले. 8,586 मीटरच्या त्या शिखरावर वर बघायला होतं कोण? चार पावलं टाकली असती तर कुणाला कळलं असतं? आणि तरी ते शिखर त्यांचंच मानलं जातं, कारण कुठे थांबलो ते त्यांनी सांगितलं.

कुर्तिका आणि शाउअर या गिर्यारोहकांचं तर मला फार अप्रूप आहे. 1985, काराकोरममधलं गॅशरब्रुम चार हे शिखर, त्याची पश्चिमेची भिंत. चढाई संपत आली तेव्हा वादळाने अडकवलं, जवळ खायला काही उरलं नव्हतं. भिंत पार झाली, पण मुख्य माथ्याकडे न जाता ते उतरले, आणि तसंच सांगितलं. जाणकार आजही त्या चढाईचं नाव आदराने घेतात. तुला शंभर फुटांची लाज वाटते!

एवढ्या तावातावाने का लिहितोय, ते एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.

मी तेवीस वर्षांचा होतो. धारेवर धुकं इतकं दाट, की जोडीदार दोराच्या दुसऱ्या टोकाला असून दिसत नव्हता. एका उंचवट्यावर पोचलो, पुढे उतार लागल्यासारखा वाटला, मी ओरडलो, “आलो!” तो काही बोलला नाही. उतरताना क्षणभर धुकं विरलं आणि मागे वळून बघितलं, तर धार अजून वर चढत गेलेली. दोघांनीही पाहिलं. अहवाल मी लिहिला. त्यात ‘माथा गाठला’ लिहिलं आणि त्या उंचवट्याच्या अलीकडच्या खुणेपासून माथा वीस मिनिटांवर असल्याचंही लिहिलं.

पुढच्या वर्षी एक टीम तो अहवाल खिशात घालून गेली. वीस मिनिटंच राहिली या हिशेबाने दुपार टळल्यावरही पुढे गेली. रात्र उघड्यावर काढावी लागली. एकाच्या पायाची तीन बोटं गेली. मला कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. जोडीदाराने मात्र पुन्हा माझ्याबरोबर दोर बांधला नाही. त्याने कारण दिलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तू म्हणशील, धुक्यात चूक कुणाचीही होते. होते ना! नेपाळमधल्या मनासलू शिखरावर कित्येक वर्षं लोक अलीकडच्या उंचवट्यावरून परतत होते, 2021 मध्ये ड्रोनने काढलेल्या फोटोंत खरा माथा पुढे स्पष्ट दिसला. अन्नपूर्णेची माथ्याची धार इतकी लांब की मेसनरसारख्या नामवंत गिर्यारोहकाच्या 1985 च्या चढाईवरही काही मीटरांचा वाद निघाला. त्यांनी जे माथा समजलं ते सांगितलं, त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. माझंही धुक्यातलं ओरडणं चूकच होती, हे मी अजून धरून आहे, आणि कुणी काही म्हणो, धरून राहणार. त्या वयात, त्या थंडीत... असो. अहवाल मात्र मी खाली येऊन, कोरड्या कपड्यांत, टेबलावर बसून लिहिला होता.

शिखर का चढायचं, तर ‘ते तिथे आहे म्हणून’, हे एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीचं उत्तर लोक उठसूट ऐकवतात. डोंगर तिथे होता, मान्य. मी तिथे होतो का, एवढंच मला गेली चाळीस वर्षं सतावतंय.

तेव्हा प्रमाणपत्र परत पाठव. भांडण नको, दोन ओळींचं पत्र पुरे. टीममधले चिडतील, चिडू देत. त्यांच्या वतीने काही कबूल करू नकोस, फक्त स्वतःचं लिही.

आणि एक. सहा पानांत तू किती वाजता मागे फिरलात ते लिहिलेलं नाहीस. उंची किती होती, वारा कुठल्या बाजूने होता, बर्फ घट्ट होतं की पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, तिथून माथ्यापर्यंतची धार कशी दिसत होती, काहीच नाही. रागाची चार पानं कमी कर आणि हे लिहून पाठव. पुढच्या मोसमात त्याच धारेवर कुणीतरी जाणार आहे.

तुझा,
काका