जाळल्या, तरी परत आल्या

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३१. लालबागला चाळीत राहतो, छापखान्यात शिफ्टची नोकरी आहे. लग्नाला १४ महिने झाले. गणपतीच्या सुमारास लिंगाच्या मुळाशी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक कोंब दिसले. एका खासगी दवाखान्यात दोनदा जाऊन ते जाळून घेतले. ‘आता कायमचं गेलं’ असं तिथे सांगितलं. पाच आठवड्यांनी तीन परत आले, त्यातला एक नव्या जागी. बायकोला सांगितलं तर म्हणाली, ‘जाळूनही परत आले, म्हणजे तू परत कुठेतरी गेलास.’ लग्नाआधी माझा एक संबंध होता, ते तिला माहीत आहे. लग्नानंतर मी कुठेही गेलेलो नाही, देवाशपथ. ती आता विरारला माहेरी आहे. मित्र म्हणतो, चुना लाव. मी काय करू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी चुन्याचं सांगते, कारण ते आज रात्रीच लावून बसाल अशी मला धास्ती आहे. तुमचे हे कोंब म्हणजे गुप्तांगावरच्या चामखिळी, त्यांवर चुना लावू नका. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावलेला एक टॅक्सीवाला माझ्याकडे आला होता. पँट मांडीला लागू नये म्हणून पाय फाकून चालत होता. चामखिळी होत्या तिथेच होत्या, भोवतीची कातडी मात्र रुपयाएवढी सोलून निघाली होती. ती जखम भरेपर्यंत चामखिळींना हातही लावता आला नाही. हातापायाच्या चामखिळीवर मेडिकलमध्ये जे औषध मिळतं, तेही या जागेसाठी नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी पालिकेच्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभागात तीस वर्षं काढली. या आजाराचा पेशंट आला की निळ्या पेनानं त्याच्या मनगटावर तीन ठिपके काढायचे आणि त्याभोवती एक मोठा गोल. ठिपके म्हणजे डोळ्यांना दिसतात त्या चामखिळी. गोल म्हणजे एचपीव्ही हा विषाणू जिथवर पसरलेला असू शकतो ती जागा. तिथली कातडी अगदी निरोगी दिसते. जाळा, गोठवा, लेझर करा, औषध लावा, जातात ते ठिपके. गोलातला विषाणू राहतो आणि मग त्याच जागी किंवा बोटभर अंतरावर नवा कोंब येतो. तुमचा नव्या जागचा कोंब या गोलातलाच असणार. असं परत येणं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, आणि तेही बहुधा उपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. तुमचे पाच आठवडे त्यात अगदी बसतात. ‘कायमचं गेलं’ हे तुम्हाला कोणी सांगायलाच नको होतं. त्या एका शब्दापायी मी संसार मोडताना पाहिले आहेत, म्हणून त्याचा मला राग येतो.

मात्र विषाणू जन्मभर असाच छळणार असंही नाही. बहुतेकांचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला आवरतं. तोवर आला कोंब की काढायचा, एवढाच मार्ग. दोन बैठकांनी भागलं नाही म्हणून उपचार फसला असं समजू नका, चार-सहा बैठका लागणारे कितीतरी असतात. जाळूनही येत असतील तर द्रव नायट्रोजननं गोठवता येतात. घरी लावायचं इमिक्विमॉड हे मलमही आहे. आठवड्यातून तीन रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, असं १६ आठवड्यांपर्यंत. कातडी लाल होते, चुरचुरते. ते घाबरण्यासारखं नसतं, पण साल निघायला लागली तर थांबून डॉक्टरांना दाखवा. या मलमानं निरोधचं रबर कमकुवत होतं, म्हणून मलम अंगावर असताना संबंध नको. तसे चामखिळी असेपर्यंत संबंध टाळलेलेच बरे. निरोधनं धोका कमी होतो, पण त्यानं सगळी जागा झाकली जात नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात पोडोफायलिन हे चामखिळीवर लावायचं औषध आणि इमिक्विमॉड वापरत नाहीत, गोठवलेलं चालतं.

त्या भागावर वस्तरा फिरवणं बंद करा, त्यानं विषाणू पुढे ओढला जातो. पत्रात लिहिलेलं नाही, पण सिगारेट ओढत असाल तर तीही सोडा, ओढणाऱ्यांच्या चामखिळी जास्त चिवट असतात. रक्तातली साखर, एचआयव्ही आणि सिफिलिस या गुप्तरोगाची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. साखर जास्त असेल किंवा एचआयव्ही असेल तर चामखिळी पुन्हा पुन्हा येतात, आणि सिफिलिसमध्येही याच जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात. ते जाळून काही होत नाही, त्याला इंजेक्शन लागतं. चाळीतल्या सामाईक संडासाची भीती मात्र काढून टाका, हे तिथून येत नाही.

पुढचं तुमच्या पत्नीसाठी. हा कागद त्यांच्या हातात द्या.

ताई, तुम्हाला आलेला संशय मी समजू शकते. तुमच्या जागी कोणीही असंच म्हणालं असतं. पण हा विषाणू अंगात शिरल्यापासून कोंब दिसेपर्यंत कधी तीन महिने जातात, तर कधी वर्षं. तो कधी आला, कोणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात कुठेही नाही. माझ्याकडेही नव्हती. त्यामुळे तुमचा नवरा खरं बोलतो की खोटं, ते मी सांगणार नाही. एवढंच खात्रीनं सांगते, की चामखीळ परत आली यावरून तो पुन्हा कुठे गेला होता असं ठरत नाही. लग्नाआधी आलेला विषाणू आज दिसू शकतो, आणि जाळलेली चामखीळ कोणाशीही संबंध न येता उगवू शकते.

दुसरी भीती कॅन्सरची. अशा दहापैकी नऊ चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी येतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारे मुख्य प्रकार १६ आणि १८, ते वेगळे. तरीही एकदा तपासून घ्या, कारण बाईच्या चामखिळी आत असल्या तर तिला दिसत नाहीत. तिशीनंतर गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नका. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस २०२३ मध्ये आली, ती या चारही प्रकारांवर आहे. तुमच्या बाबतीत ती घ्यावी का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. अंगावर आलेल्या चामखिळी मात्र तिनं जात नाहीत.

लालबागहून केईएम रुग्णालय जवळ आहे. सकाळी दोघांनी मिळून जा आणि केसपेपर काढताना ‘त्वचारोग’ एवढंच सांगा, खिडकीवर जास्त बोलायची गरज नाही. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते. आधीच्या दवाखान्याचे कागद असतील तर घेऊन जा, नसतील तर कोणत्या तारखांना जाळलं ते चिठ्ठीवर लिहून न्या. ताईंना तुमच्यासमोर बोलायचं नसेल तर तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.