‘स्थिरीकरण’ नव्हे, ‘अचलीकरण’

वाशीतील एका शिक्षिकांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील फलकासाठी ‘अणुभट्टीच्या कचऱ्यातील किरणोत्सारी धातूंचे काचेत स्थिरीकरण केले जाते’ असे वाक्य लिहिले असून, त्यातील ‘स्थिरीकरण’ हा शब्द बरोबर आहे का, अशी विचारणा केली आहे. माझ्या मते तो येथे वापरू नये, आणि त्याचे कारण व्याकरणाइतकेच रसायनशास्त्रातही आहे.

संस्कृतातील ज्या ‘च्वि’ प्रत्ययामुळे ‘स्थिर’चे ‘स्थिरी’ होते, त्याचा अर्थ वैयाकरण ‘अभूततद्भाव’ असा सांगतात, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. त्यामुळे ‘स्थिरीकरण’ म्हटले की अस्थिर वस्तू स्थिर झाली असा अर्थ निघतो; आणि अणुविज्ञानात तर ‘स्थिर’ हे विशेषण, ज्याच्या केंद्रकाचा आपोआप ऱ्हास होत नाही, अशा समस्थानिकासाठी (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगळ्या वस्तुमानाच्या अणुप्रकारासाठी) वापरतात. कचऱ्यातील सीझियम-१३७ हे किरणोत्सारी समस्थानिक काचेत गेले तरी त्याचा ऱ्हास थांबत नाही. त्याचे सुमारे ३० वर्षांचे अर्धायुष्य (निम्म्या अणूंचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ) तेवढेच राहते, आणि प्लुटोनियम-२३९चे सुमारे २४,००० वर्षांचेही. केंद्रकात काय चालते यावर रासायनिक प्रक्रियेचा काहीही इलाज नाही. तिला रोखता येते ते अणूचे पाण्यात विरघळून माती-खडकांतून दूर जाणे. काच झाली म्हणजे किरणोत्सार संपला, असा समज एखाद्या मुलाने त्या फलकावरून करून घेतला, तर ते फार वाईट होईल.

म्हणून ‘अचलीकरण’. जे चल होते ते अचल झाले, एवढेच हा शब्द सांगतो, आणि तेवढेच खरे आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘निश्चलीकरण’ही चालले असते, परंतु २०१६च्या नोटाबंदीपासून ‘निश्चलनीकरण’ सर्वांच्या कानात इतके बसले आहे की वाचकाचा घोटाळा होणारच.

‘बंदिस्त करणे’ हा पर्याय सोपा असला तरी अपुरा आहे. तारापूरला (जे २०१४पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते) आणि खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेला, नायट्रिक आम्लातील तीव्र किरणोत्सारी द्रव कचरा बोरोसिलिकेट काचेच्या घटकांबरोबर सुमारे ९५० ते १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पाणी आणि आम्ल निघून जाते, धातूंची ऑक्साइडे उरतात आणि वितळलेल्या काचेत विरघळतात. सीझियमचे आयन सिलिकॉन, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्यातील पोकळ्यांत ऑक्सिजनशी जखडले जातात. काचेच्या बांगडीवरची सोनेरी नक्षी झिजते, पण बांगडीचा निळा रंग घासून जात नाही, कारण त्यातील कोबाल्ट काचेच्या अंगातच असतो. येथेही तसेच घडते. ‘बंदिस्त’ हा शब्द ही काच ज्यात ओततात त्या पोलादी डब्याबाबत योग्य ठरेल.

पुष्कळ जण ‘काचीकरण’ (कचऱ्याची अशी काच करणे) हा शब्दही ‘अचलीकरण’ याच अर्थाने वापरतात, पण दोन्ही एक नव्हेत. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट असते आणि ते सोडियम बोरोसिलिकेट काचेत फारच थोडे विरघळते. उरलेल्याचा वेगळा, पिवळसर थर जमतो. तो पाण्यात सहज विरघळणारा असतो आणि सीझियमही त्यात ओढले जाते. अशा वेळी काचीकरण झाले, पण त्या सीझियमचे अचलीकरण झाले नाही, असेच म्हणावे लागेल. त्यासाठी तेथे सल्फेट अधिक सामावून घेणारी, बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच वापरली गेली. उलट, काच न करताही अचलीकरण साधते: भूजलातील सहा-संयुजी युरेनियम विरघळून वाहते, पण क्षपणाने, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून, ते चार-संयुजी झाले की त्याचे बहुतांशी अविद्राव्य ऑक्साइड होऊन ते जागीच बसते.

तेव्हा फलकावर असे लिहावे: ‘अणुभट्टीच्या कचऱ्यातील किरणोत्सारी धातूंचे काचीकरणाने अचलीकरण केले जाते, त्यांचा किरणोत्सार मात्र ज्याच्या त्याच्या अर्धायुष्यानुसार कमी होत राहतो.’ दुसरे उपवाक्य जागेअभावी गाळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.