वाचकांचे प्रश्न : माता आरोग्याच्या आकडेवारीचे मध्यावधी मूल्यमापन

प्रश्न : प्रजनन आणि माता आरोग्याची माहिती गोळा करून ती आरोग्य यंत्रणेपर्यंत पोहोचवण्याचा पाच वर्षांचा कार्यक्रम आमची संस्था राबवत आहे. अडीच वर्षे पूर्ण होत असल्याने मध्यावधी मूल्यमापन ठरले आहे. कार्यक्रमामुळे मातामृत्यू किती घटले ते त्यात दाखवावे, असा निधी देणाऱ्यांचा आग्रह आहे. ही अपेक्षा रास्त आहे का? नसल्यास मूल्यमापनात नेमके काय पाहावे?

उत्तर : ही अपेक्षा रास्त नाही, आणि मूल्यमापन सुरू होण्यापूर्वीच ते निधी देणाऱ्यांना लेखी कळवावे. गरोदरपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणाशी संबंधित अथवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघाती मृत्यू त्यात धरले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार मातामृत्यू झाले, म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे १९७. जगाच्या पातळीवर हा आकडा भयावह असला, तरी एका कार्यक्षेत्रापुरते पाहिले की संख्या लहान होते आणि तेथेच मोजमापाची अडचण सुरू होते. समजा, आपल्या कार्यक्षेत्रात वर्षाला १० हजार जन्म होतात आणि प्रमाण २०० च्या आसपास आहे. तर वर्षाकाठी साधारण २० मृत्यू अपेक्षित धरावे लागतील. परिस्थितीत तसूभरही बदल न होता, केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी १३ आणि पुढच्या वर्षी २७ मृत्यू होऊ शकतात. अशा चढउतारातून अडीच वर्षांत कार्यक्रमाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

घरोघरच्या सर्वेक्षणानेही ही अडचण सुटत नाही. सर्वेक्षणात सहसा बाईला तिच्या सख्ख्या बहिणींविषयी विचारले जाते आणि पुरेसे मृत्यू हाती लागावेत म्हणून मागील सुमारे सात वर्षांचा काळ एकत्र धरला जातो. त्यातील बराचसा काळ आपला कार्यक्रम सुरू होण्याआधीचा असेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की माहितीचा कार्यक्रम नीट चालला, तर मध्यावर नोंदलेले मातामृत्यू वाढलेले दिसण्याचीच शक्यता अधिक असते. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीने झालेले, मोठ्या रुग्णालयाकडे नेताना वाटेतच झालेले, किंवा प्रसूतिकक्षाबाहेर दुसऱ्याच विभागात झालेले मृत्यू पूर्वी मोजलेच जात नसतील आणि आता मोजले जात असतील, तर आकडा वाढणारच. मृत्यू घटल्याचे दाखवण्याची सक्ती केली, तर नोंदी कमी करण्याचा मोह यंत्रणेच्या प्रत्येक पायरीवर निर्माण होईल. ज्या कारणासाठी हा खर्च चालला आहे, त्यालाच ते मारक ठरेल.

आता काय पाहावे, याविषयी. विकास कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये पाच निकष मांडले : औचित्य, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगती हा सहावा निकष जोडला गेला. हे सहाही निकष उपयोगी आहेत, पण मध्यावर सर्वांना सारखे वजन देऊ नये. प्रभावाची, म्हणजे मातामृत्यू घटण्यासारख्या दूरगामी बदलाची, चर्चा अंतिम मूल्यमापनासाठी राखून ठेवावी आणि आता एका प्रश्नावर बहुतेक वेळ खर्च करावा : या माहितीमुळे कोणी, कोणता निर्णय बदलला?

त्यासाठी शोध उलट्या दिशेने घ्यावा लागतो. बहुतेक मूल्यमापने नोंदवहीपासून सुरू होतात, किती प्रपत्रे भरली, किती जणांना प्रशिक्षण दिले याची मोजदाद करतात आणि निर्णयापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा वेळ संपलेला असतो. त्याऐवजी गेल्या वर्षभरातील आढावा बैठकांची इतिवृत्ते मागवावीत आणि प्रत्येक ठरावामागे कोणता आकडा होता ते शोधावे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचे जगभरातील एक प्रमुख कारण आहे आणि तो रोखण्यासाठी लागणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. अतिरक्तस्रावाचे रुग्ण आणि ऑक्सिटोसिनचा साठा संपल्याचे दिवस, ही दोन्ही माहिती आपल्याच प्रणालीत असते. ती शेजारी ठेवून कोणी कधी पाहिली का? पाहिल्यावर साठा हलवला, शीतपेटी दुरुस्त केली, असे काही घडले का? अशी तीन-चार प्रकरणे शेवटपर्यंत तपासली, तर जाड अहवालातून कळणार नाही एवढे कळते. निर्णय सापडलाच नाही, तर तो का झाला नाही याचा माग काढावा. कारण बहुधा साधे असते : आकडे बैठकीनंतर आले, किंवा ज्याच्या हाती अधिकार होता त्याच्यापर्यंत ते गेलेच नाहीत.

प्रश्न : आमच्याकडील मासिक अहवाल वेळेवर येतात, परंतु त्यांतील आकड्यांवर किती विश्वास ठेवावा हे समजत नाही. काही ठिकाणी प्रसूतिपूर्व तपासणीचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेले आहे. तपासणी कशी करावी?

उत्तर : शंभरावर गेलेले प्रमाण पाहून लगेच खोट्या नोंदींचा संशय घेऊ नये. दोष बऱ्याचदा छेदात असतो. अपेक्षित गरोदर स्त्रियांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेली असते. दरम्यान लोक स्थलांतर करतात, शेजारच्या भागातील स्त्रियाही चांगल्या सेवेसाठी याच केंद्रात येतात, आणि अंश फुगतो. एकाच स्त्रीची दोन केंद्रांत पहिली तपासणी म्हणून झालेली नोंद हेही नेहमीचे कारण आहे.

अंशाची तपासणी मात्र केंद्रात जाऊनच करावी लागते. काही केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, मूळ नोंदवही उघडून एका महिन्याच्या प्रसूती स्वतः मोजाव्यात आणि ती संख्या त्याच महिन्याच्या अहवालातील संख्येने भागावी. नोंदवहीत ५७ प्रसूती निघाल्या आणि अहवालात ६८ असतील, तर गुणोत्तर ०.८४ येते, म्हणजे अहवाल फुगलेला आहे. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा स्वीकारला जातो, मात्र मृत्यूच्या नोंदीत एकाचाही फरक स्वीकारू नये.

नोंदवही हातात असतानाच रक्तदाबाचा रकाना वरून खाली वाचावा. ओळीमागून ओळ ११०/७० आणि १२०/८० एवढेच दिसत असेल, १०८ किंवा १३४ असा आकडा कुठेच नसेल, तर रक्तदाब मोजला न जाता लिहिला जात असण्याची शक्यता दाट आहे. गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके वेळेत ओळखायचे असतील, तर हा रकाना जीवनमरणाचा आहे. उपकरण चालू स्थितीत आहे का, हे त्याच भेटीत पाहावे. अनेकदा उत्तर तेथेच मिळते. तसेच रिकामी जागा आणि शून्य यांत प्रणाली भेद करते का, हेही तपासावे. ‘मृत्यू झाला नाही’ आणि ‘माहिती आली नाही’ या दोन गोष्टी बेरजेत एकच होऊन बसल्या, तर सर्वांत दुर्बल केंद्र कागदावर सर्वांत सुरक्षित दिसते.

तुलनेतही एक सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसूतिपूर्व भेटींची शिफारस किमान चारवरून आठवर नेली. आपल्या कार्यक्रमाचा आधाररेषेचा, म्हणजे सुरुवातीला मोजलेला, आकडा चार भेटींचा आणि आताचा आठ भेटींचा असेल, तर सेवा सुधारूनही आलेख खाली घसरलेला दिसेल.

प्रश्न : मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. मूल्यमापनासाठी येणारी पथके मला फक्त ‘अहवाल वेळेवर जातो का?’ एवढेच विचारतात. आमच्याकडून त्यांनी खरे तर काय समजून घ्यायला हवे?

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. एका प्रसूतीची माहिती आपण किती ठिकाणी लिहिता, हे पथकाने शेजारी बसून मोजले पाहिजे. नाव, वय आणि कितवे बाळंतपण हा मजकूर दाखल नोंदवहीत, प्रसूती नोंदवहीत, बाळाच्या नोंदीत, मासिक तक्त्यात आणि पुन्हा टॅबवर लिहावा लागत असेल, तर नव्या कार्यक्रमाने परिचारिकेच्या कामात भरच घातली आहे. संगणकीय नोंद सुरू झाली म्हणून कोणती वही बंद झाली, हे पथकाने विचारावे. एकही बंद झाली नसेल तर तो प्रमुख निष्कर्ष म्हणून अहवालात यावा.

दुसरे, आपण वर पाठवलेल्या आकड्यांतून आपल्याकडे काय परत आले? आणि तिसरे, एखादी माता दगावल्याचे आपण प्रामाणिकपणे नोंदवले तर पुढे काय होते? मातामृत्यूच्या अन्वेषणाचे तत्त्व असे आहे की त्यातून कारणे शोधावीत, कोणावर ठपका ठेवू नये. नोंदीपाठोपाठ खुलासा मागवणारे पत्र येत असेल, तर पुढचा मृत्यू वहीत येणार नाही. ही भीती वरिष्ठांसमोर कोणी बोलून दाखवणार नाही, म्हणून परिचारिकांशी स्वतंत्रपणे आणि नाव न नोंदवता बोलणे आवश्यक आहे.

आपल्या नोंदींचे मोल आता वाढले आहे, हेही सांगायला हवे. १९८४ पासून अनेक देशांत माता आरोग्याची माहिती देणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे अमेरिकेच्या निधीवर चालत होती. तो निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवण्यात आला. जेथे दुसरे सर्वेक्षण नाही, तेथे प्रसूतिकक्षातील वहीवरच अधिक भिस्त ठेवावी लागणार आहे.

प्रश्न : मूल्यमापनासाठी आमची सर्व माहिती बाहेरच्या सल्लागारांना द्यावी का? नावे आम्ही काढून टाकली आहेत.

उत्तर : नावे काढणे पुरेसे नाही. छोट्या वस्तीतील एकोणीस वर्षांची, अविवाहित, गर्भपातानंतर दाखल झालेली मुलगी नावाविनाही ओळखू येते, आणि तिच्यासाठी याचे परिणाम गंभीर असू शकतात. वस्तीऐवजी मोठे क्षेत्र, वयाऐवजी वयोगट आणि तारखेऐवजी तिमाही द्यावी. पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने प्रसिद्ध करू नयेत. सल्लागारांशी लेखी करार करून काम संपल्यावर प्रती नष्ट करण्याची मुदत त्यात घालावी. स्त्रियांनी संमती देताना त्यांना कोणता उपयोग सांगितला होता, तो मजकूर काढून पाहावा. मूल्यमापन त्यात बसत नसेल, तर व्यक्तिगत नोंदी न देता केवळ एकत्रित तक्ते द्यावेत.