पडणाऱ्या लादीला हात लावायचा नाही

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचं ग्रॅनाइटचं दुकान आहे. माल राजस्थानातून ट्रेलरने येतो. लाद्या लोखंडी घोड्यावर, म्हणजे दोन्ही अंगांनी लाद्या टेकवायच्या चौकटीवर, उभ्या बांधलेल्या असतात. दोर सोडताना आमचा एक हमाल आत शिरून हातांनी लाद्या धरतो. वडिलांच्या काळापासून असंच चालत आलंय. गेल्या महिन्यात दोर सुटताच दोन लाद्या त्याच्या अंगावर कलल्या. तो कसाबसा बाहेर पडला, पण पाऊल चेचलं. त्याला जाड बूट घेऊन दिले तर पुरे का? आणि हमाल मुकादमाचे असताना जबाबदारी माझी कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी वजन मांडू. 20 मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण 5 किलो भरतो. 9 बाय 5 ची लादी म्हणजे 45 चौरस फूट, सव्वादोनशे किलो. दोन कलल्या म्हणजे साडेचारशे. तुमचा हमाल नेमकं काय धरत होता?

फसगत होते ती अशी, की उभी लादी बोटाने ढकलली तरी हलते, म्हणून हलकी वाटते. तोल गेला की तीच लादी चौघांना आवरत नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. मशीनची पेटी ट्रकच्या हौद्यातून सरकली आणि मी, रोज दुसऱ्यांना ओरडणारा माणूस, हात पुढे केला. विचार करून नव्हे. काही पडताना दिसलं की हात आपोआप जातो. घरात कपबशी पडली तरी जातोच की. म्हणून ‘हात लावू नका’ असं नुसतं सांगून भागत नाही. माणूस मुळात हात पोहोचेल तिथे उभा नको.

लादी पडते ती आपल्या सपाट बाजूला. तेव्हा दोन घोड्यांच्या मधे किंवा लादी आणि फाळक्याच्या मधे कोणीही जायचं नाही. दोर सोडणाऱ्याने लादीच्या कडेच्या टोकाला उभं राहायचं. आणि दोर सगळे एकदम सोडायचेच नाहीत. ज्या लादीला हायड्राचा, म्हणजे चाकांवरच्या क्रेनचा, बेल्ट किंवा क्लॅम्प लागून ताण आलाय, तिचाच बांध सुटेल. बाकीच्या बांधलेल्याच राहतील. एक लादी घोड्याच्या डाव्या अंगाची, मग एक उजव्या अंगाची. एकच बाजू रिकामी केली तर घोडाच उलटतो. ओल्या लादीवर क्लॅम्प घसरतो, पावसाळ्यात आधी पुसून घ्या. लटकती लादी वळवायला तिला दोरी बांधा, हाताने वळवू नका.

गाडी सपाट जागेवर हवी, चाकांना लाकडी ठोकळे, इंजिन बंद, आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. रस्त्याच्या उताराकडे कललेल्या ट्रेलरवर दोर म्हणजे लाद्यांचा शेवटचा आधार असतो. चांदवडजवळच्या राहूड घाटाची वळणं घेऊन आलेल्या मालाने जागा सोडलेली असू शकते. दोराला हात लावण्याआधी दोन्ही टोकांनी नीट बघा. लाद्या कललेल्या दिसल्या तर आधी हायड्राने आधार द्या, मग पुढचं.

बूट जरूर द्या, चपलेवर माल उतरवणं मला बघवत नाही. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. पुढे पोलादी टोपी असलेल्या चांगल्या बुटाची चाचणी 200 ज्यूलची असते. म्हणजे 20 किलो वजन मीटरभरावरून पडलं तर बोटं वाचावीत. सव्वादोनशे किलोंपुढे तो बूट काय करणार?

जबाबदारीचं विचारलंत. जागा तुमची, माल तुमचा, आणि घाईही बहुतेक तुमचीच. हमालांचे हाल बघूनच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं, 1969 मध्ये माथाडी कायदा आला. नाशिकच्या माथाडी मंडळात जाऊन तुमच्या कामाला काय लागू होतं ते विचारून या. मुकादमाचं नाव पुढे करून हात झटकता येतील, असं समजून बसू नका.

एक मात्र आजच बदला. मजुरी टनावर असेल तर हमाल घाई करणारच. हायड्राने उतरवायला वेळ लागतो, तेव्हा ट्रेलरमागे ठरावीक मजुरी बोला. आणि रात्री आलेली गाडी उजाडेपर्यंत बांधलेलीच ठेवा. ड्रायव्हर कुरकुरेल, त्याला थांबण्याचे पैसे द्या.