वाचकांचे प्रश्न : गस्ती विमाने आणि पाणबुड्या

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरावर ब्रिटिश विमानांनी अनेक जर्मन पाणबुड्या बुडवल्या, असे वाचले. पाण्याखाली दडलेली पाणबुडी विमानातून दिसत तरी कशी असे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बहुतेक वेळा ती पाण्याखाली नसेच. जर्मनीने सर्वाधिक संख्येने बांधलेली ‘टाइप ७’ पाणबुडी डिझेल इंजिनांवर पृष्ठभागावरून ताशी सुमारे १७ सागरी मैल वेगाने जाई. पाण्याखाली मात्र तिला बॅटऱ्यांवर चालावे लागे आणि तिथे तिचा कमाल वेग साडेसात मैलांच्या आसपास, तोही थोडाच वेळ टिकणारा, असे. मालवाहू जहाजांचा काफिला गाठून त्याच्या पुढे दबा धरायचा, तर तिला वर राहणे भागच होते. विमान दिसताच ती बुडी मारी आणि तेवढ्यात काफिला निसटून जाई. म्हणूनच गस्ती विमानांची कामगिरी केवळ बुडवलेल्या पाणबुड्यांवरून मोजणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांना युद्धभर एकही पाणबुडी दिसली नाही, अशा वैमानिकांच्या फेऱ्यांनीही जहाजे वाचवली आहेत.

हल्ल्याचे तंत्र मात्र हळूहळू सुधारत गेले. विमानातून टाकायचे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटके, सुरुवातीला सुमारे १०० फुटांवर फुटतील अशी लावलेली असत. पाणबुडी इतकी खोल जाईपर्यंत ती नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळण्याचा मार्ग नसतो, उलट ती नुकतीच बुडी मारत असताना तिची जागा पक्की ठाऊक असते, हे ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने आकडेवारी मांडून दाखवले आणि ही खोली टप्प्याटप्प्याने २५ फुटांपर्यंत आणली गेली. विमानांच्या पोटाला काळ्याऐवजी पांढरा रंग देण्यात आला, कारण उजळ आकाशावर काळे विमान दुरूनच उठून दिसे.

रात्रीची अडचण वेगळी होती. रडारवर पाणबुडी सापडे, पण शेवटच्या मैलभरात तिची खूण लाटांकडून परतणाऱ्या लहरींमध्ये हरवून जाई. हम्फ्री लेह या अधिकाऱ्याने त्यासाठी विमानाच्या पोटाखाली बसवायचा प्रखर सर्चलाइट तयार केला आणि जून १९४२ पासून बिस्केच्या उपसागरात वेलिंग्टन विमाने अंधारातून एकाएकी झोत टाकून हल्ले करू लागली. जर्मनांनी रडारच्या लहरी टिपणारे ‘मेटॉक्स’ हे उपकरण पाणबुड्यांवर बसवले. परंतु १९४३ मध्ये आलेल्या १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या नव्या रडारचा त्याला सुगावा लागत नसे.

तरीही मध्य अटलांटिकमध्ये किनाऱ्यावरच्या विमानांच्या टप्प्याबाहेरचा एक मोठा पट्टा दीर्घकाळ उघडाच राहिला. जादा इंधनटाक्या बसवलेली लिबरेटर विमाने तिथवर पोहोचू शकत होती. मात्र चार इंजिनांची लांब पल्ल्याची विमाने जर्मन शहरांवरील बॉम्बहल्ल्यांसाठी हवीत की समुद्रावर, या वादात ती कित्येक महिने जेमतेम एका स्क्वॉड्रनपुरतीच मिळाली. ही दिरंगाई काफिल्यांवरील खलाशांच्या जिवावर बेतली, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पट्टा भरून निघू लागला, काफिल्यांबरोबर छोट्या विमानवाहू नौका आणि अधिक रक्षक जहाजे आली आणि मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीच्या सुमारे ४० पाणबुड्या नष्ट झाल्या. त्याच महिन्याच्या २४ तारखेला जर्मन नौदलाचे प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधील काफिल्यांच्या मार्गावरून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या.

प्रश्न : एखादी पाणबुडी विमानाला शरण आल्याचे उदाहरण आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आहे. २७ ऑगस्ट १९४१ रोजी आइसलंडच्या दक्षिणेस ‘यू-५७०’ ही पाणबुडी गस्तीवरील हडसन विमानाच्या टप्प्यातच वर आली. तिचे बहुतेक खलाशी नवखे होते. डेप्थ चार्जच्या स्फोटांनी दिवे गेले, आत पाणी शिरले आणि त्यांनी पांढरे कापड फडकवले. विमानाला तिचा ताबा घेणे अर्थातच शक्य नव्हते. त्यामुळे ब्रिटिश जहाजे पोहोचेपर्यंत विमानांनी आळीपाळीने तिच्यावर घिरट्या घालून पहारा ठेवला. दुरुस्तीनंतर ती ‘ग्राफ’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली.